केन्सिंग्टनच्या फाटकाबाहेर

२९ जून २०२४. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा होत आले होते, तिकडे बार्बाडोसमध्ये लख्ख दुपार. सूर्यकुमारनं लाँगऑफच्या दोरीशी आत-बाहेर-आत करत मिलरचा झेल धरला, सात धावांनी विश्वचषक आला आणि रोहित शर्मानं केन्सिंग्टन ओव्हलच्या खेळपट्टीची चिमूटभर माती तोंडात टाकली. खाली फटाके सुरू झाले, फोन संदेशांनी भरून गेला. त्यातल्या तीन-चार संदेशांत तरी तो शब्द होताच. ‘कॅलिप्सोच्या भूमीत’, ‘कॅलिप्सोच्या तालावर’, आणि एका काकांचा लांबलचक मजकूर, की पूर्वीचं ते बेफिकीर, हसतमुख, नाचतं-गातं कॅलिप्सो क्रिकेट आता कुठं राहिलं!

वेस्ट इंडिजच्या क्रिकेटबद्दल बोलताना हा शब्द आपण वापरणं सोडावं, असं माझं म्हणणं आहे. वरवर कौतुकाचा वाटतो, पण तो एका समाजाची दीडशे वर्षांची मेहनत हसण्यावारी नेतो.

पहिली गोष्ट भूगोलाची. कॅलिप्सो हा गाण्याचा प्रकार, आणि तो त्रिनिदादचा. बार्बाडोस हा समुद्रापलीकडचा वेगळा देश, वेगळा इतिहास, वेगळी बोली. कोकणातल्या माणसाला ‘तुमची ती लावणी’ म्हटल्यावर तो जसा बघेल, तसं बार्बाडोसचा माणूस बघतो. दुसरी गोष्ट, कॅलिप्सो म्हणजे नुसता ठेका नाही. आपल्या वगातल्या बतावणीसारखं ते आहे. सरकार, साहेब, शेजारी, कोणालाही त्यात चिमटे बसतात. आपल्याला ठाऊक असलेलं सगळ्यात प्रसिद्ध कॅलिप्सो गावसकरांवरचं. १९७१ च्या दौऱ्यात त्यांनी ७७४ धावा केल्यावर त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरनं ते रचलं. त्यात गावसकरांचं कौतुक आहेच, पण खरी गंमत म्हणजे वेस्ट इंडिजचेच गोलंदाज त्यांना बाद करू शकले नाहीत, ही स्वतःचीच केलेली थट्टा आहे. पुढे बार्बाडोसमध्येही ही गाणी रुजली. तिथल्या माइटी गॅबीनं हॉटेलवाल्यांच्या घशात समुद्रकिनारे जाऊ पाहत होते तेव्हा ऐंशीच्या दशकात गाणं केलं, की हा किनारा आमचा आहे. त्याला ‘बेफिकीर’ म्हणायचं धाडस तिथल्या मंत्र्यांनीही केलं नसेल.

आता बार्बाडोसकडे येऊ. बेट एवढंसं, जेमतेम ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षाही थोडं लहान. वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास. १६२७ मध्ये इंग्रज इथे वसले, १६४० च्या दशकात ऊस आला आणि उसापाठोपाठ आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं. १६६१ मध्ये याच बेटावर गुलामांसाठीचा तो कुप्रसिद्ध कायदा झाला, ज्याची नक्कल पुढे इतर वसाहतींनी केली. १८१६ च्या ईस्टरला बुसाच्या नावानं ओळखलं जाणारं बंड झालं आणि चिरडलं गेलं. गुलामी १८३४ मध्ये कायद्यानं संपली. प्रत्यक्षात सुटका व्हायला १८३८ उजाडलं. ब्रिटिश सरकारनं नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले. ते सगळ्या साम्राज्यातल्या मालकांना मिळाले. ज्यांचं नुकसान झालं होतं त्यांना काही नाही.

इतर बेटांपेक्षा इथली गोष्ट वेगळी झाली ती जमिनीमुळे. जमैकात किंवा गयानात सुटलेला माणूस डोंगरात, रानात जाऊन पडीक जमीन कसू शकत होता. बार्बाडोसमध्ये पडीक जमीनच नव्हती. सपाट बेट, इंच न् इंच उसाखाली. त्यामुळे सुटलेला माणूस त्याच मळेवाल्याच्या जागेत भाडं देऊन आणि त्याच्याच शेतावर राबून राहिला. त्याचं घर तिथे आजही बघायला मिळतं. त्याला ‘चॅटल हाउस’ म्हणतात. फळ्यांचं, दगडांच्या नुसत्या रचलेल्या थरावर टेकवलेलं, पाया न खणलेलं. मालकानं हाकललं की फळ्या सोडवायच्या, गाडीवर रचायच्या आणि दुसरीकडे जाऊन पुन्हा उभं करायचं. पर्यटक त्याच्या रंगीत खिडक्यांचे फोटो काढतात. घर आपलं, पण जागा आपली नाही, हे त्या फळ्यांच्या सांध्यात लिहिलेलं आहे. हे घर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अशा समाजात क्रिकेट आलं आणि ज्याच्या त्याच्या पायरीवर बसलं. वाँडरर्स हा क्लब १८७७ चा, गोऱ्या बड्या घराण्यांचा. पिकविक १८८२ चा, गोरा पण जरा खालच्या आर्थिक पायरीवरचा. स्पार्टन १८९३ चा, शिकलेल्या मिश्रवर्णीय आणि काळ्या मध्यमवर्गाचा, वकील-डॉक्टर-मास्तरांचा. आता हर्मन ग्रिफिथची गोष्ट ऐका. बेटावरचा उत्तम वेगवान गोलंदाज, पण नोकरी आरोग्य खात्यातली, लहानशी. त्याला सभासद करून घ्यायला गोऱ्यांनी नकार दिला असता तर नवल नव्हतं. नकार दिला तो स्पार्टनवाल्यांनी. त्यातून भांडण झालं, माणसं फुटली आणि १९१४ मध्ये एम्पायर क्लब निघाला. पुढे याच ग्रिफिथनं सिडनीला ब्रॅडमनचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि १९४१ मध्ये तो बार्बाडोसचा पहिला काळा कर्णधार झाला. एम्पायरच्याही खाली उरले होते ऊसतोड करणारे, गावखेड्यांतले. त्यांच्यासाठी १९३६ मध्ये बार्बाडोस क्रिकेट लीग उभी राहिली. तोवर त्यांचा खेळ रस्त्यावर, किनाऱ्यावर आणि नारळाच्या झावळीचा देठ तासून केलेल्या बॅटनं.

डॉ. आंबेडकरांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती समजावून द्यायला मला या क्लबांच्या यादीहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही. प्रत्येकाला वरच्याचा राग आणि खालच्याची शिसारी. मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. पुण्याच्या युरोपियनांच्या जिमखान्यावर खेळपट्टी झाडता-झाडता गोलंदाज झालेले पळवणकर बाळू हिंदू संघाला सामने जिंकून देत होते आणि चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात घेत होते. कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळालं.

केन्सिंग्टन ओव्हल हे मैदान पिकविकचं. त्याच्या जवळच्या वस्तीत एव्हर्टन वीक्स वाढला. (वडिलांना इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचं वेड, म्हणून पोराचं नाव एव्हर्टन.) लहानपणी तो मैदानाच्या माळ्यांच्या हाताखाली काम करायचा, म्हणजे मोठे सामने फुकट बघता यायचे. कधी एखादा खेळाडू कमी पडला तर बदली क्षेत्ररक्षक म्हणून आत बोलवायचे. त्या हिरवळीला पाणी घालायला तो चालत होता. तिथला सभासद व्हायला चालत नव्हता. वरच्या दर्जाचं क्लब क्रिकेट त्याला मिळालं ते लष्करात भरती झाल्यावर, लष्कराच्या संघातून.

पुढच्या पिढीत गॅरी सोबर्स. वडील खलाशी, १९४२ मध्ये जहाजावर टॉर्पेडो पडून गेले. आईनं सहा मुलं वाढवली. पोरगा अफाट खेळतो हे पोलिसांच्या संघाच्या कर्णधाराच्या ध्यानात आलं, पण पोलिसांकडून खेळायचं तर पोलीस असायला हवं आणि पोरगं तर कोवळं. मग त्याला पोलीस बँडमध्ये बिगुल वाजवायला घेतलं. जगातला सर्वश्रेष्ठ अष्टपैलू खेळाडू पहिल्या श्रेणीच्या क्लब क्रिकेटमध्ये शिरला तो बिगुल हातात धरून. सोळाव्या वर्षी, १९५३ मध्ये, याच केन्सिंग्टनवर तो भारताच्या दौऱ्यावरच्या संघाविरुद्ध बार्बाडोसकडून पहिला प्रथमश्रेणी सामना खेळला. एकाला गणवेश लागला, दुसऱ्याला बिगुल. यात नाचणं-गाणं शोधायचंच तर ते एवढंच.

वीक्सला मुंबईनं जवळून पाहिलं आहे. १९४८-४९ च्या दौऱ्यात दिल्लीत १२८, ब्रेबॉर्नवर १९४, कोलकात्यात १६२ आणि १०१. त्याआधीचं किंग्स्टनचं शतक धरून सलग पाच डावांत पाच शतकं. मद्रासला नव्वदवर धावबाद झाला नसता तर सहा. त्या संघाचा कर्णधार होता जॉन गॉडार्ड, बार्बाडोसचाच, गोरा. काळ्या माणसाला कर्णधार म्हणून कसोटी मिळाली होती ती एक, जॉर्ज हेडलीला, जानेवारी १९४८ मध्ये, तीही केन्सिंग्टनवर. फलंदाजी काळ्यांनी करावी, गोलंदाजी काळ्यांनी करावी, डोकं मात्र गोऱ्यांनी चालवावं, अशी ती वाटणी होती. ‘ही माणसं उपजत खेळाडू’ या कौतुकाचा अर्थ इथे उघडा पडतो. उपजत म्हटलं की डोक्याचं श्रेय द्यावं लागत नाही. ‘कॅलिप्सो क्रिकेट’ हे त्याच कौतुकाचं नाचरं रूप आहे, आणि म्हणून माझा त्याच्यावर राग.

फ्रँक वॉरेलला हे सगळ्यात आधी कळलं असावं. तो, वीक्स आणि क्लाइड वॉलकॉट, तिघेही दीड वर्षाच्या अंतरानं केन्सिंग्टनपासून मैलाच्या टापूत जन्मले. वॉरेल बोलायचा, मानधन मागायचा, म्हणून बार्बाडोसमध्ये ‘फार शेफारलाय’ असं त्याच्याबद्दल म्हटलं गेलं. तो जमैकाला निघून गेला. स्वतःच्या वेस्ट इंडिजचं नेतृत्व मिळायच्या कितीतरी आधी, १९५०-५१ मध्ये, त्यानं कॉमनवेल्थ संघाचं नेतृत्व केलं, तेही आपल्याकडे, भारतात. त्रिनिदादमध्ये लेखक-संपादक सी. एल. आर. जेम्स यांनी आपल्या वृत्तपत्रातून लावून धरलं तेव्हा कुठे १९६० मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी वॉरेल कर्णधार झाला. संपूर्ण मालिकेसाठी नेमलेला पहिला काळा कर्णधार. ब्रिस्बेनची ती बरोबरीत सुटलेली पहिली कसोटी याच दौऱ्यातली. मालिका ते २-१ हरले आणि तरी मेलबर्नच्या रस्त्यांवर त्यांना निरोप द्यायला लाखो माणसं उतरली. वेगवेगळ्या बेटांचे अकरा गुणी खेळाडू आधीही होते. वॉरेलनं त्यांचा संघ केला. हे शिस्तीचं आणि राजकारणाचं काम होतं.

आणि मग मार्च १९६२. पुन्हा केन्सिंग्टन. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. कवटी फुटली, मेंदूत रक्तस्राव, तातडीनं शस्त्रक्रिया. रक्त हवं होतं. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी दिलं, आणि त्यांच्या जोडीला प्रतिस्पर्धी कर्णधार वॉरेल यानंही दिलं. पुण्याचा, नाशिकचा, सोलापुरात जन्मलेला आणि ब्रिजटाउनचा, चौघांचं रक्त एका गुजराती पारशाच्या अंगात गेलं. काँट्रॅक्टर वाचले. कसोटी मात्र पुन्हा खेळले नाहीत. त्यांच्या जागी एकवीस वर्षांचा पतौडी कर्णधार झाला, तोही याच बेटावर. कोलकात्यात वॉरेलच्या नावानं दरवर्षी रक्तदान होतं. मुंबई-पुण्यात वॉरेल आठवतो तो फार तर प्रश्नमंजूषेत.

यावर एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे. अहो, ते लोक खरंच आनंदानं खेळतात, शंख फुंकतात, ढोल वाजवतात, त्यांचं स्वतःचं पर्यटन खातंच हे चित्र विकतं. मग तुम्हाला मध्येच हा सुतकी चेहरा कशाला? आनंद खरा आहे, मान्य. पण तो आनंद कशाचा हे विचारायला नको? कामाऊ ब्रॅथवेट हा बार्बाडोसचा थोर कवी. त्याच्या एका कवितेत एक शिंपी आपल्या दुकानात बसून ओव्हलवर पाहिलेला सामना रंगवून सांगतो, अस्सल तिथल्या बोलीत. क्लाइड वॉलकॉट इंग्रज गोलंदाजाला ठोकतोय आणि प्रेक्षकांचं भान सुटलंय. मग विकेट पडते आणि सगळं चिडीचूप. जिंकताना आम्हाला कोणी हात लावू शकत नाही आणि कठीण वेळ आली की धीर धरणारा एक सापडत नाही, असा तो शिंपी आपल्याच लोकांना टोचतो. हाच ब्रॅथवेट पुढे म्हणाला, की रेडिओवर जॉन अर्लट या समालोचकाचं हॅम्पशायरी वळणाचं, गावरान इंग्रजी ऐकलं तेव्हा आपल्या बोलीतही लिहिता येईल असं कॅरिबियन लेखकांना वाटू लागलं. क्रिकेटच्या समालोचनातून एका साहित्याला जीभ फुटली! बाळ ज. पंडितांच्या आवाजात सामने ऐकत वाढलेल्यांना तरी यातली गोम सांगावी लागू नये.

शिवाय तो आनंद विकणाऱ्यांनी त्याचं काय केलं तेही पाहा. २००७ च्या विश्वचषकासाठी केन्सिंग्टन पाडून नव्यानं बांधलं. जाहिरातींत कॅरिबियन जल्लोष होता. फाटकावर मात्र वाद्यं आणि घरचा डबा आत न्यायला मनाई. तिकिटं स्थानिक माणसाच्या आवाक्याबाहेर. वीक्स ज्या फाटकाशी थांबला होता, तिथेच शंखवाला माणूस थांबला, फक्त रखवालदार बदलला होता. त्याआधी, एप्रिल १९९२ मध्ये, याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेचा संघ बंदीनंतरची पहिली कसोटी खेळला. आपला अँडरसन कमिन्स वगळला म्हणून बार्बाडोसवाल्यांनी सामन्यावर बहिष्कार टाकला आणि वेस्ट इंडिजचा एक रोमहर्षक विजय रिकाम्या बाकांसमोर झाला. तो बहिष्कार मला स्वतःला पोरकट वाटतो. आपल्या बेटाच्या पोरासाठी सगळ्या बेटांच्या संघाकडे पाठ फिरवणं हे वॉरेलला मुळीच आवडलं नसतं. पण बेफिकीर माणसं बहिष्कार टाकत नाहीत, एवढं तरी त्यातून दिसतं.

राहता राहिलं आमच्या काकांचं ‘पूर्वीचं क्रिकेट राहिलं नाही’. राहिलं नाही हे खरंच आहे. पण पावणेतीन लाखांच्या बेटानं हॉल, चार्ली ग्रिफिथ, ग्रिनिज, हेन्स, गार्नर, मार्शल अशी रांग लावली, हीच मुळात अचाट गोष्ट होती. ज्याला मळा, बँक, कचेरी, सगळीकडे फाटकं बंद, त्याची सगळी बुद्धी एका उघड्या फटीतून बाहेर पडली. १९६२ मध्ये एरल बॅरो यांच्या सरकारनं माध्यमिक शिक्षण मोफत केलं, १९६६ मध्ये देश स्वतंत्र झाला. पोरं डॉक्टर झाली, वकील झाली, गायिका झाली. कॉम्बरमियर या एकाच शाळेतून वॉरेल निघाला, कादंबरीकार जॉर्ज लॅमिंग निघाला आणि रिहानाही निघाली. क्रिकेटसाठी पुन्हा तीच अडलेली, चिरडलेली पिढी हवी असं कोणी म्हणणार असेल तर त्यानं ते स्वतःच्या नातवाबद्दल म्हणून पाहावं.

बार्बाडोसनं आपला वारसा स्वतः मोजायला घेतला आहे. १९९८ मध्ये दहा राष्ट्रवीर जाहीर झाले. बंडवाला बुसा, १९३७ च्या दंगलीआधी हद्दपार केलेला कामगार पुढारी क्लेमंट पेन, बॅरो, आणि सोबर्स. (यादीतला फ्रँक वॉलकॉट हा कामगार संघटनेचा, आपला क्लाइड नव्हे. मीही एकदा फसलोय.) पुढच्या वर्षी ब्रिजटाउनच्या ट्रफाल्गर चौकाचं नाव राष्ट्रवीर चौक झालं. तिथे १८१३ पासून ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा पुतळा उभा होता, लंडनच्या नेल्सनच्याही आधीचा. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला उतरवून संग्रहालयात नेलं. ३० नोव्हेंबर २०२१ ला देश प्रजासत्ताक झाला तो त्याच चौकात. प्रिन्स चार्ल्स पाहुणे म्हणून बसलेले, सोबर्स हजर, आणि पंतप्रधान मिया मॉटली यांनी रिहानाला अकरावी राष्ट्रवीर म्हणून जाहीर केलं.

पुतळा हलवायला एक क्रेन पुरली. जमिनीचं तसं होत नाही. ड्रॅक्स हॉल हा मळा सतराव्या शतकात एका इंग्रज घराण्यानं वसवला. बेटावरच्या उसाची सुरुवात ज्यांनी केली त्यांच्यातलं ते घराणं. मळा त्याच घराण्याच्या वारसाकडे चालत आला, जो २०२४ पर्यंत ब्रिटिश संसदेत खासदार होता. २०२४ मध्ये सरकारनं त्यातले ५३ एकर घरकुलांसाठी बाजारभावानं विकत घ्यायचं ठरवलं तेव्हा लोक खवळले. आमच्या पूर्वजांच्या हाडांवर उभ्या असलेल्या जमिनीचे पैसे पुन्हा आम्हीच मोजायचे? एप्रिलमध्ये मॉटलींनी तो व्यवहार थांबवला. जूनमध्ये, त्याच बेटावर, आपण विश्वचषक जिंकला आणि रोहितनं माती चाखली.

त्या मैदानाचे स्टँड आता वॉरेल, वीक्स, वॉलकॉट, हॉल, ग्रिफिथ यांच्या नावांचे आहेत. पाया न खणता दगडांवर टेकवलेली फळ्यांची घरं बेटावर अजून दिसतात, रंग दिलेली.